थीम पार्क उघडलं, मग जत्रेतला पाळणा का नाही? कोरोनाच्या दोन वर्षांत कळंबच्या कुटुंबांच्या वाट्याला काय आलं

22 ऑक्टोबर 2021. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. त्या दिवसापासून महाराष्ट्रात मनोरंजन पार्क उघडायला परवानगी मिळाली. पाण्यातल्या राईड्स तेवढ्या बंद, बाकी सगळं चालू. सिनेमागृहं आणि नाट्यगृहंही त्याच दिवशी उघडली. दीड वर्ष घरात कोंडलेल्या मुलांना घेऊन बाहेर पडायला सरकारने हिरवा कंदील दाखवला, असा त्याचा साधा अर्थ होता.

पण हा कंदील सगळ्यांना सारखा दिसला का?

तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं कळंब हे मांजरा नदीकाठचं तालुक्याचं गाव. इथून रायगड जिल्ह्यातलं खोपोलीजवळचं इमॅजिका तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तिथलं एका माणसाचं तिकीट साधारण हजाराच्या पुढे. आई-बाबा, दोन मुलं आणि आजी असं कुटुंब न्यायचं म्हटलं तर गाडीभाडं, एक मुक्काम आणि खाणं धरून महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त खर्च होतो.

त्यामुळे इथल्या बहुतेक घरांसाठी थीम पार्क म्हणजे जत्रा. कळंब तालुक्यातल्याच येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते. लाखो लोक येतात, देवीची पालखी आमराईत जाते, वाटेत भाविक चुन्याचे खडे वेचतात. आजी येते ती देवीसाठी. नातवंडांचं लक्ष असतं आकाशपाळणा, ड्रॅगनची गाडी, मौत का कुआँ आणि हवेने फुगवलेल्या मिकी माऊसवर. एका पाळण्याचं तिकीट पन्नासच्या नोटेत बसतं.

ही यात्रा 2020 मध्ये झाली नाही. 2021 मध्येही नाही. पार्क मात्र या काळात बंद झाली, उघडली, परत बंद झाली, परत उघडली. मजा म्हणून दोन्ही गोष्टी एकच. मग नियम त्यांच्याशी इतके वेगळे का वागले?

आधी तारखा पाहू

13 मार्च 2020 ला महाराष्ट्राने 1897 चा साथरोग कायदा लागू केला आणि मोठ्या शहरांतली सिनेमागृहं, व्यायामशाळा, तरणतलाव बंद झाले. पाठोपाठ मनोरंजन पार्कही. 25 मार्चला देशभर लॉकडाऊन सुरू झालं. तो दिवस होता गुढीपाडव्याचा. शहरातल्या माणसाला हा योगायोग वाटेल. पण पाळणेवाले, तमाशाचे फड, खेळणी आणि रेवड्या विकणारे यांच्यासाठी पाडवा म्हणजे मुख्य हंगामाचा पहिला दिवस. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा ओळीने येतात आणि वर्षाची कमाई याच दोन महिन्यांत होते. येरमाळ्याची चैत्री पौर्णिमा त्या वर्षी 8 एप्रिलला होती, म्हणजे टाळेबंदीच्या पंधराव्या दिवशी.

त्या वर्षी 30 सप्टेंबरला केंद्राने अनलॉकच्या पाचव्या टप्प्याचा आदेश काढला आणि 15 ऑक्टोबरपासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेर मनोरंजन पार्क उघडायला मुभा दिली. महाराष्ट्राने घाई केली नाही. 5 नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेने सिनेमागृहं उघडली, दिवाळी पाडव्याला म्हणजे 16 नोव्हेंबरला मंदिरं उघडली आणि डिसेंबरच्या शेवटी मनोरंजन पार्क, नौकाविहार वगैरेला परवानगी मिळाली. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत 'ब्रेक द चेन' आले आणि सगळं पुन्हा बंद. ते थेट ऑक्टोबरात उघडलं. ओमायक्रॉन आला तेव्हा 10 जानेवारी 2022 पासून पार्क, प्राणिसंग्रहालयं, किल्ले परत बंद. फेब्रुवारीत सवलती. 1 एप्रिल 2022 पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले.

1 एप्रिल 2022 च्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गुढीपाडवा होता. म्हणजे जत्रांचे बरोबर दोन हंगाम गेले. पार्कच्या बंद-चालूच्या खेळात अधूनमधून काही महिने तरी सुटले, जत्रेच्या वाट्याला तेही आले नाहीत.

यात्रा रद्द करणं चुकीचं होतं का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण सोशल मीडियावर "यांना पार्क चालतं, देव चालत नाही" अशी मांडणी तेव्हाही झाली आणि आजही होते.

2021 ची चैत्री पौर्णिमा 27 एप्रिलला होती. त्याच्या दोनच दिवस आधी कळंबपासून जवळ असलेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून 22 मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले आणि ती बातमी देशभर गेली. कळंब परिसरातला गंभीर रुग्ण ज्या मोजक्या ठिकाणी हलवला जातो, त्यातलं हे एक ठिकाण. त्या आठवड्यात येरमाळ्यात लाखभर माणसं जमली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करायला तज्ज्ञ लागत नाही.

खरा प्रश्न त्या आठवड्याचा नाहीच. प्रश्न आहे मधल्या काळाचा. नोव्हेंबर 2020 ते फेब्रुवारी 2021 आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर 2021. रुग्ण कमी होते, सिनेमागृहात बंद दाराआड तीन तास बसायला परवानगी होती. पण उघड्या मैदानावर चार माणसांच्या पाळण्यात बसायची कायदेशीर सोय मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात जवळपास नव्हती.

विषाणूच्या नजरेने पाळणा आणि पार्क

कोरोना कुठे पसरतो हे समजायला जपानने एक सोपी त्रिसूत्री लोकप्रिय केली होती: बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून बोलणं. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे धोका सर्वात जास्त.

आता पार्क घ्या. रोलर कोस्टर उघड्यावर असतो, वारा भरपूर. पण तिथे लोक किंचाळतात आणि किंचाळताना तोंडातून तुषार जास्त बाहेर पडतात. जपानमधल्या पार्क चालकांच्या संघटनांनी म्हणूनच 2020 मध्ये पाहुण्यांना राईडवर ओरडू नका अशी विनंती केली. फुजी-क्यू हायलँड या पार्कने तर आपले दोन अधिकारी सुटाबुटात, मास्क लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता रोलर कोस्टरवर बसवले आणि व्हिडिओ टाकला. संदेश असा की किंकाळी मनातल्या मनात मारा. जगभर लोक हसले. पण त्यामागचं शास्त्र बरोबर होतं.

पार्कातला खरा धोका राईडवर कमी आणि इतरत्र जास्त असतो: रांगेत, एसी हॉलमधल्या शोमध्ये, जेवणाच्या दालनात. शिवाय तिथे येणारी माणसं दहा जिल्ह्यांतून आलेली असतात. डिसेंबर 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला तेव्हा तो अनेक राज्यांत पोहोचला आणि शंभरहून जास्त लोकांना झाला, तो याच कारणाने.

जत्रेतला पाळणाही या फूटपट्टीवर मोजता येतो. पाळणा उघड्यावर. प्रत्येक पेटीत बहुधा एकाच घरातली माणसं, जी तसंही एका छताखाली राहतात. फेरी पाच-सात मिनिटांची. येणारा प्रेक्षक आसपासच्या गावांतला. फक्त पाळणा पाहिला तर धोका पार्कपेक्षा जास्त म्हणता येत नाही. धोका आहे पाळण्याभोवतीच्या जत्रेत, जिथे माणसं किती आली हे कोणी मोजत नाही आणि मोजूही शकत नाही.

नियमांचा सगळा पीळ या मोजण्यात आहे.

परवानगी कशाला चिकटलेली असते?

पार्कला कुंपण असतं, फाटक असतं, तिकीट असतं. आत किती माणसं आहेत हे कोणत्याही क्षणी सांगता येतं. "पन्नास टक्के क्षमता" या शब्दांना तिथे अर्थ आहे. नियम मोडला तर नोटीस कोणाला द्यायची हेही ठरलेलं आहे, कारण मालक एक आणि पत्ता एक. चीनमध्ये 31 ऑक्टोबर 2021 ला शांघाय डिस्नेलँडला येऊन गेलेल्या एका व्यक्तीला कोरोना झाल्याचं कळलं, तेव्हा प्रशासनाने फाटकं लावून घेतली आणि आतल्या तीस हजारांहून जास्त लोकांची चाचणी करूनच त्यांना बाहेर सोडलं. वर आतषबाजी चालू आणि खाली पीपीई किट घातलेले कर्मचारी, असे फोटो तेव्हा जगभर फिरले. जत्रेत असं करायला लावायला फाटकच नाही.

प्रशासनाचा हा विचार समजण्यासारखा आहे. ज्याला जबाबदार धरता येतं त्याला आधी उघडा. पण त्याचा एक परिणाम झाला, ज्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

पार्कची परवानगी जागेला आणि कंपनीला मिळते. साथ आली, गेली, तरी कंपनी कागदावर असतेच. पाळणेवाल्याची परवानगी मात्र जत्रेला चिकटलेली असते. अमुक गावची यात्रा, तमुक तारखा, तेवढ्यापुरती स्थानिक प्रशासनाची आणि पोलिसांची मंजुरी. जिल्हाधिकाऱ्यांनी यात्रा रद्द केली की पाळणेवाल्याने अर्ज करायचा तो कशासाठी? त्याचा धंदा बंद करणारा वेगळा आदेश कधी निघालाच नाही आणि म्हणून तो उघडणाराही निघाला नाही.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये मनोरंजन पार्कांसाठी नियमावली काढली, त्याच आठवड्यात सण, मेळे आणि प्रदर्शनांसाठीही काढली. म्हणजे मेळ्यांचा विचार झालाच नाही असं नाही. पण मेळ्याच्या नियमावलीत जबाबदारी आयोजकावर होती. येरमाळ्यासारख्या यात्रेत लोक कोणी बोलावलं म्हणून येत नाहीत. त्या हिवाळ्यात राज्यातही यात्रा-जत्रांवरची बंदी मागे घेतली गेली नाही. कार्तिकी आणि माघी वारीला पंढरपुरात संचारबंदी लागली, मग बाकीच्या गावांच्या यात्रांबद्दल बोलायलाच नको.

गंमत म्हणजे कर लावताना सरकारला हा फरक पडला नव्हता. जानेवारी 2018 मध्ये जीएसटीचा दर 28 वरून 18 टक्क्यांवर आणला तेव्हा थीम पार्क, वॉटर पार्क, जॉय राईड आणि मेरी-गो-राऊंड एकाच ओळीत बसले होते.

'कुटुंब' नेमकं कोणतं?

पार्कांच्या त्या नियमावलीत सहा फुटांचं अंतर होतं, तापमान तपासणी होती, एसी 24 ते 30 अंशांदरम्यान ठेवायची सूचना होती. आणि एक वाक्य होतं: 65 वर्षांवरच्या व्यक्ती, सहव्याधी असलेले, गर्भवती महिला आणि 10 वर्षांखालची मुलं यांनी घरीच राहावं असा सल्ला.

आरोग्याच्या दृष्टीने सल्ला रास्त होता. पण थीम पार्कला जाणाऱ्या कुटुंबातून आजी-आजोबा आणि दहा वर्षांखालची मुलं वजा केली तर मागे कोण राहतं? कॉलेजचा ग्रुप. पार्क उघडलं ते कागदावर कुटुंबांसाठी, प्रत्यक्षात तरुणांसाठी. 2021 च्या उत्तरार्धात यात लसीची अट मिसळली. 27 नोव्हेंबरच्या राज्याच्या आदेशात तिकीट काढून होणाऱ्या कार्यक्रमांना दोन्ही डोस घेतलेल्यांनाच प्रवेश होता. अठरा वर्षांखालच्यांना तेव्हा लसच नव्हती, म्हणून त्यांना ओळखपत्रावर सूट. आईने दुसरा डोस घेतला नसेल तर मूल आत, आई बाहेर.

कळंबसारख्या गावातून निघायचं तर प्रवास हा आणखी एक अडथळा होता. 2020 मध्ये सप्टेंबर उजाडेपर्यंत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. एप्रिल 2021 मध्ये तो परत आला. आणि ऑक्टोबरात पार्क उघडली, त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू झालं. ते पुढे सहा महिन्यांच्या आसपास चाललं. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याच्यासाठी पार्क उघडं असणं आणि बंद असणं सारखंच होतं.

इथे शाळेची सहल आठवावी लागते. ग्रामीण भागातल्या कित्येक मुलांनी थीम पार्क पहिल्यांदा पाहिलं ते आई-वडिलांबरोबर नाही, शाळेच्या सहलीत, सवलतीच्या एसटीतून. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्गच 1 डिसेंबर 2021 ला भरले, सहल तर लांबची गोष्ट. एका इयत्तेची सहल गेली की ती परत मिळत नाही, पुढच्या वर्षी पुढचा वर्ग जातो.

मार्च 2022 मधला एक आदेश तर फारच बोलका आहे. 4 मार्चपासून राज्यातल्या 14 जिल्ह्यांत सगळं पूर्ण क्षमतेने सुरू करायला परवानगी मिळाली. निकष लसीकरणाचा: पात्र लोकसंख्येपैकी 90 टक्क्यांना पहिला आणि 70 टक्क्यांना दुसरा डोस. या यादीत इमॅजिका जिथे आहे तो रायगड होता. उस्मानाबाद नव्हता. म्हणजे त्या चार आठवड्यांत कळंबच्या माणसाला गर्दीत मजा करायची असेल तर त्याने रायगडला जाणं नियमात बसत होतं, आपल्या तालुक्यात नाही.

मदत कोणाला पोहोचली?

साथीने पार्कांचंही कंबरडं मोडलं, हे विसरून चालणार नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकावर कोरोनाच्या आधीपासून मोठं कर्ज होतं. बंद पडलेल्या राईड्सचीही देखभाल करावी लागते आणि व्याज थांबत नाही. शेवटी बँकांबरोबर कर्जाची तडजोड झाली आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. शिर्डी आणि लोणावळ्याची वॉटर पार्क चालवणारा हाच समूह. मालक बदलला, पार्क टिकलं.

टिकलं, कारण टिकवायला यंत्रणा होती. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांसाठी कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. मार्च 2021 मध्ये केंद्राने सरकारी हमीच्या कर्ज योजनेत पर्यटन, आदरातिथ्य आणि मनोरंजन क्षेत्रांचा समावेश केला. दोन्हीची अट एकच: आधीचं कर्ज बँकेच्या वहीत असलं पाहिजे. ज्याने पाळण्याचं लोखंड सावकाराकडून किंवा नातेवाइकांकडून पैसे घेऊन उभं केलं, त्याच्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेची सवलत कशी लागणार?

फेरीवाल्यांसाठी जून 2020 मध्ये पीएम स्वनिधी आली, 10 हजारांचं कर्ज. पण ती शहरांत विकणाऱ्यांसाठी आणि नोंद नगरपालिकेची. आज येरमाळा, आठ दिवसांनी दुसरी यात्रा, असा फिरणारा खेळणीवाला कोणत्या नगरपालिकेचा? राज्य सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये लोककलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपयांची एकरकमी मदत मंजूर केली. तमाशा कलावंत त्यात बसले. रक्कम तुटपुंजी असली तरी नाव तरी घेतलं गेलं. पाळणा चालवणारा कलावंत नाही, फेरीवाला नाही, उद्योजक म्हणून नोंदलेला नाही. तो कुठल्याच रकान्यात आला नाही.

दुसरा मार्ग होता का?

होता, आणि तो जगात वापरला गेला. जर्मनीत 2020 मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टसह बहुतेक जत्रा रद्द झाल्या. तिथले पाळणेवाले पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करतात. त्यांनी काही शहरांत वेगळी शक्कल लढवली. डॉर्टमुंडमध्ये त्यांनी एकत्र येऊन मैदानाला तात्पुरतं कुंपण घातलं, आत येणारी माणसं मोजली, तिकीट लावलं आणि काही आठवड्यांसाठी 'तात्पुरतं पार्क' उभं केलं. पाळणे तेच, माणसं तीच. फक्त जत्रेचं कायद्याच्या भाषेत पार्क झालं आणि पार्कांचे नियम त्याला लागू झाले. इंग्लंडने तर जुलै 2020 मध्ये निर्बंध सैल करताना थीम पार्कांबरोबर फिरत्या जत्रांचाही उल्लेख केला. तिथे पाळणेवाल्यांची संघटना 1889 पासूनची आहे, सरकारशी बोलायला कोणीतरी होतं.

हे कळंबमध्ये जमलं असतं का? येरमाळ्याच्या यात्रेत नाही, हे उघड आहे. पायी येणाऱ्या लाखोंना कुंपण घालता येत नाही. पण तालुक्याच्या गावात बाजाराच्या मैदानावर दोर बांधून, एका वेळी दोनशे माणसं सोडून, दोन पाळणे आणि एक मिकी माऊस चालवणं अशक्य नव्हतं. आठवडी बाजार पुन्हा सुरू करताना अंतराच्या खुणा आखून असे प्रयोग गावागावांत झालेच होते. त्यासाठी यात्रेची परवानगी आणि पाळण्याची परवानगी वेगळी करावी लागली असती. आणि तालुक्यात किती पाळणेवाले येतात, कुठून येतात, त्यांच्याकडे माणसं किती, याची कुठेतरी एक यादी असावी लागली असती.

2022 मध्ये चैत्री पौर्णिमा 16 एप्रिलला आली. निर्बंध उठून पंधरा दिवस झाले होते. येरमाळ्याकडे पुन्हा गाड्या आणि दिंड्या निघाल्या. 2020 मध्ये आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर दहाचं झालं होतं, म्हणजे केंद्राच्या त्या नियमावलीनुसार पार्कात जायच्या वयाचं. पाळणेवाल्याला परवानगी मिळते ती आजही त्या त्या यात्रेपुरती, त्या तारखांपुरतीच.